पिठाचा कोंबडा

मनुष्याने काय खावे व काय वर्ज्य करावे याविषयी शास्त्रकारांनी आणि वैद्यांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. परंतु जे अन्न सर्वांच्या मते निर्दोष आहे, तेच एखाद्या वर्ज्य पदार्थाचे रूप घेऊन ताटात आले तर निर्दोष राहते काय, या प्रश्नाकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेलेले दिसते. प्रश्न वरवर पाहता हसण्याजोगा वाटेल. गेल्या श्रावणात तो आमच्या घरी प्रत्यक्ष उभा राहिला, तेव्हा मलाही हसूच आले होते. पण दोन-चार दिवस त्याचा विचार करीत गेल्यावर ते हसू ओसरले आणि एका निराळ्याच गोष्टीचा जाब मला स्वतःपाशी द्यावा लागला. तो प्रसंग व त्यावरून सुचलेले विचार वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे बिऱ्हाड कोपरला आहे. मध्य रेल्वेच्या मार्गावर दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये हे स्थानक लागते. खालच्या फलाटांवर कल्याणकडच्या लोकल गाड्या थांबतात आणि वरून दिवा-वसई लोहमार्ग जातो. गाव मूळचे आगरी-कोळ्यांचे, खाडी आणि भातशेती यांवर जगलेले. इमारती उठल्या आणि आमच्यासारखी नोकरदार कुटुंबे येऊन राहिली ती मागाहून. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडे आहेत. एक आमचे, दुसरे गावातल्याच एका आगरी कुटुंबाचे. त्या घरचा नातू आणि माझा नातू एकाच वर्गात शिकतात व शाळेची वेळ सोडून उरलेला दिवस बहुधा जिन्यातच काढतात.

माझ्या नातवाचा नववा वाढदिवस नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी आला. शिरापुरी नको, बर्गर हवेत, असे त्याने जाहीर केले. सूनबाईंनी दुकानातून आणण्यापेक्षा ते घरीच करण्याचे कबूल केले. उकडलेला बटाटा, भिजवून शिजवलेले वाटाणे, गाजर आणि बीट यांची चपटी टिक्की करून तव्यावर परतावयाची आणि गोल पाव मधोमध कापून काकडी-टोमॅटोच्या चकत्यांसह ती आत बसवावयाची, असा बेत होता. चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसणाचे नावही नव्हते. शाकाहाराच्या दृष्टीने यात बोट ठेवावयास जागा नाही, असे आम्हा सर्वांस वाटले. परंतु नव्वदीला टेकलेल्या माझ्या आईने ही यादी शांतपणे ऐकून घेतली आणि ती म्हणाली, "जे आपल्या घरात शिजत नाही, त्याचंच सोंग करून चुलीवर चढवायचं, हे कसलं सोवळं? खायचं असेल तर उघड खा. नसेल खायचं, तर त्याचा आकार तरी कशाला हवा? आणि ते बीट लाल रंगासाठीच ना?"

हे म्हणणे जुन्या वळणाचे म्हणून बाजूस सारण्याजोगे नव्हते. इंद्रिये आवरून धरावयाची आणि मनाने मात्र विषयांचेच चिंतन करीत बसावयाचे, अशा मनुष्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. आईचा आक्षेप नेमका तोच होता. निग्रह जर जिभेपुरताच असेल आणि डोळ्यांना व मनाला त्या वर्ज्य पदार्थाची ओढ लागलेलीच असेल, तर त्या निग्रहाची किंमत काय?

मी प्रथम सोपा मार्ग धरला आणि नावाचा खुलासा केला. हॅम्बर्ग हे जर्मनीतील मोठे बंदर. त्याच्या नावावरून हॅम्बर्गर हा शब्द आला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचे मधूनच दोन तुकडे केले आणि मागचा तुकडा ते पावात घातलेल्या कोणत्याही टिक्कीला लावू लागले. त्या तुकड्याच्या मुळाशी गढी या अर्थाचा शब्द आहे. मांसाचा त्यात लवलेशही नाही. लंडन येथे ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ साली 'व्हेजीबर्गर' या नावाने टिक्कीचे कोरडे मिश्रण विकावयास काढले, तेव्हापासून हा जोडशब्द पुष्कळ रूढ झाला. त्यावरूनही वाद आहेच. वनस्पतिजन्य पदार्थास बर्गर म्हणू देऊ नये ही सूचना युरोपीय संसदेने २०२० साली फेटाळली आणि २०२५ साली तशाच सूचनेस अनुकूल मत दिले. तात्पर्य, नावात काही नाही, असे मी मोठ्या समाधानाने आईस सांगितले. ती म्हणाली, "नावाचं मी विचारलंच नाही. मी रूपाचं विचारते आहे."

तेव्हा मी ग्रंथांकडे वळलो. आणि तेथे माझ्या बाजूचा पुरावा चटकन सापडला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात असे सांगितले आहे की, आसक्ती अनावर झाल्यास तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा, परंतु उगाच पशुवधाची इच्छा करू नये. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेत यज्ञामध्ये जिवंत पशूच्या जागी पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, मान्य झाला. आपल्याकडेही नवरात्राच्या होमाच्या वेळी बळी म्हणून कोहळा फोडण्याची चाल अनेक घरांतून आहे. अर्थात् मांसाच्या जागी निरुपद्रवी वस्तू त्याच आकाराने किंवा त्याच कार्यासाठी आणून ठेवणे ही परदेशातून आलेली क्लृप्ती नसून आमच्याच धर्मकृत्यांतील जुनी तोड आहे. आणि या तोडीमुळे किती मुके जीव वाचले असतील याची गणती नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर वाद जिंकल्याचे समाधान मिळाले असते. पण त्याच शोधात दुसरी कथा आठवली, आणि ती माझ्या विरुद्ध जाणारी होती. राष्ट्रकूटांच्या अमदानीत सोमदेवसूरी या जैन ग्रंथकाराने शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, 'यशस्तिलकचंपू' पुरा केला. त्यात उज्जयिनीचा राजा यशोधर याची कथा आहे. दुःस्वप्नाच्या निमित्ताने देवीपुढे पशुबळी द्यावा, असा त्याच्या आईचा, चंद्रमतीचा, आग्रह पडतो. राजा हिंसेस तयार होत नाही. शेवटी आईचे मन राखण्यासाठी तो पिठाचा कोंबडा करवितो व खऱ्या कोंबड्याप्रमाणेच देवीपुढे त्याचा वध करतो. पिठाला वेदना नाहीत, रक्त नाही, प्राण नाही. तरी त्या कृत्याचे फळ म्हणून मायलेक पुढे मोर, कुत्रा अशा नाना योनींत जन्म घेतात आणि पुन्हा पुन्हा मारले जातात. एका परंपरेने जी तोड दया म्हणून स्वीकारली, तिलाच दुसऱ्या परंपरेने हिंसा ठरविले. आईने ही कथा ऐकली असती तर तिने मला हसून गप्प केले असते.

मग खरे कोणते? पिष्टपशू करणारे यज्ञकर्ते दयाळू, की यशोधर पापी? मला वाटते, दोन्ही मते खरी असू शकतात. कारण पिठाचा आकार सारखा असला तरी ते करणाऱ्याच्या मनाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, यावर सर्व अवलंबून आहे. हे ओळखण्याची एक साधी कसोटी मला सुचली. सोंग ज्या वस्तूचे घेतले आहे, ती वस्तू त्या क्षणी खरीच प्रगट झाली, तर सोंग घेणारास आनंद होईल की धक्का बसेल? होमापुढे कोहळा फोडणाऱ्या गृहस्थाच्या हातातील कोहळ्यातून एकाएकी रक्त वाहू लागले, तर तो कोयता टाकून मागे सरेल. त्याच्या मनातील बोकड केव्हाच नाहीसा झालेला आहे. परंतु जिवंत प्राणी मारल्याचे पुण्य पदरात पडावे असा संकल्प धरून ज्याने पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र उगारले, त्याच्या दृष्टीने कोंबडा पिठाचा असणे हीच काय ती उणीव. एकाचे अनुकरण त्या वस्तूपासून दूर नेणारे आहे, दुसऱ्याचे तिच्याकडे.

हीच कसोटी आजच्या पदार्थांस लावून पाहता येईल. अमेरिकेत २०१६ सालापासून अशा शाकाहारी टिक्क्या मिळू लागल्या की, त्यांपैकी एकीत रक्ताच्या रंगासाठी बीटाचा रस घालतात आणि दुसरीत सोयाबीनच्या मुळांत आढळणारे लोहयुक्त प्रथिन यीस्टकडून तयार करवून मांसाची चव आणतात. ज्याने जन्मभर मांस खाल्ले व आता प्राण्यांच्या दयेने सोडावयाचे ठरविले, त्याला अशा टिक्कीचा काठीसारखा आधार होत असेल तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. मनुस्मृतीतील तुपाचा पशू अशाच मनुष्यासाठी आहे. परंतु माझ्या नातवाने मांस कधी चाखलेले नाही. त्याला आधाराची काठी कशास हवी?

मी त्यालाच विचारले. समजा, दुकानात चुकून खऱ्या मांसाचा बर्गर मिळाला, तर? त्याने तोंड वाकडे केले. "मग मला नको. आणि त्यालाही चालणार नाही, त्यांच्याकडे श्रावण आहे." त्याला म्हणजे समोरच्या मित्राला. मग बर्गरच कशाला हवा, असे विचारता तो म्हणाला, "आम्ही दोघांनी एकत्र खायचं ठरवलं आहे."

म्हणजे मुलाची भूक मांसाच्या आकाराची नव्हतीच. ती सोबतीची होती. आईचे यावरही म्हणणे होते. चारचौघे करतात म्हणून आपणही करावयाचे, हे सोंगच नव्हे काय? पण या ठिकाणी मला इतिहासाची आठवण झाली. आमच्या वरच्या स्थानकातून जी गाडी वसईकडे जाते, ती वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. आणि पाव हा शब्द त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. पाव खाल्ला की धर्म बुडाला, ही समजूत पुढे कित्येक पिढ्या टिकली. आईच्या सासूबाईंनी पाव घरात येऊ दिला नाही. आई स्वतः आज चहाबरोबर तो खाते. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, त्या सभेस हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्राने छापली आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य येऊन गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. त्या वादात चहाच्या गुणदोषांविषयी कोणी बोलत नव्हते. तो कोणाच्या हातून व कोणाच्या पंक्तीस घेतला, एवढाच प्रश्न होता.

येथवर येऊन मी थबकलो. कारण कोणाच्या हातचे, या प्रश्नाचा माझ्याही हिशेबात एक जुना आकडा होता.

सहा वर्षांपूर्वी आम्ही या घरी नव्याने राहावयास आलो. त्या वर्षी नारळी पौर्णिमेस समोरच्या वहिनींनी नारळाच्या करंज्यांचा डबा पाठविला. करंजीत काय असते हे मला ठाऊक होते. तरीसुद्धा, ज्या कढईत त्या तळल्या त्याच कढईत आषाढात काय तळले असेल, हा विचार मनात आला आणि तो काही केल्या जाईना. आईला मी विचारले नाही, निर्णय माझाच. करंज्या कामाच्या बाईंना देऊन टाकल्या. जे आपल्याला चालत नाही ते त्यांना चालेल, हेही मी किती सहज धरून चाललो! मग डबा घासून घेतला आणि शेजारचे भांडे रिकामे परत करू नये या रीतीस अनुसरून त्यात साखर भरली. "करंज्या छान झाल्या होत्या," असा निरोपही सोबत पाठविला. कामाच्या बाई त्यांच्याही घरी भांडी घासतात, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. त्यानंतर त्या घरून आमच्याकडे डबा आला नाही.

मी लावलेली कसोटी या साखरेस लावून पाहावी. साखर हे कृतज्ञतेचे सोंग होते. ती कृतज्ञता त्या क्षणी खरी झाली असती, म्हणजे ते कुटुंब आमच्या पंक्तीस येऊन बसले असते किंवा आम्ही त्यांच्या, तर मला आनंद झाला असता काय? प्रामाणिक उत्तर असे की, मला संकोच वाटला असता. मुंबई-ठाण्याकडे मांसाहारी कुटुंबास घर नाकारणाऱ्यांच्या गोष्टी ऐकून मी नाक मुरडीत असे. परंतु त्यांच्यात आणि माझ्यात एका डब्याचे अंतर होते. त्यांनी नकार दारावर लिहिला, मी तो साखरेखाली ठेविला.

आणि ज्या सोवळ्याच्या अभिमानाने मी हे केले, त्यात माझे स्वतःचे कर्तृत्व किती? मी जन्मतः शाकाहारी आहे. ज्याची चव जिभेस माहीत नाही ते न खाण्यात त्याग कसला? समोरच्या वहिनींना मासळी मनापासून आवडते. दारी खाडी आहे, बाजार जवळ आहे, आणि तरी त्यांच्या घरी सबंध श्रावणात मासळी शिजत नाही. संयम हा शब्द काटेकोरपणे वापरावयाचा झाला, तर त्या महिन्यात तो आमच्या दाराच्या या बाजूस नसून त्या बाजूस असतो.

वाढदिवसाच्या दिवशी सूनबाईंनी बीट घातले नाही. आईचे मन राखावे म्हणून त्यांनी ते वगळले, आणि लाल रंग नाही अशी तक्रार एकाही मुलाने केली नाही. यावरून त्या सोंगाला मांसाशी किती कर्तव्य होते, ते उघड झाले. अर्धा किलो बटाटे, पाव किलो वाटाणे, दोन गाजरांचा कीस, वाटीभर पोह्यांची भरड, आले-मिरची, जिरे, लिंबू, कोथिंबीर व मीठ. यांच्या दहा-बारा टिक्क्या व्हाव्या असा हिशेब होता. पण पहिली टिक्की तव्यावर पडली आणि उलटताना तिचा चुरा झाला. दुसरीची तीच गत. बटाटे गरम असतानाच कुस्करल्यामुळे त्यांची वाफ आत राहिली होती; वाटाणे नीट निथळले नव्हते आणि गाजराला मिठाने पाणी सुटले होते. मुले जिन्यात उभी होती. समोरचा मुलगा काही न बोलता आपल्या घरात गेला, आणि थोड्या वेळाने त्याच्या पाठोपाठ वहिनी ताटलीत तांदळाचे पीठ घेऊन आल्या.

सहा वर्षांत त्या आमच्या स्वयंपाकघरात प्रथमच आल्या. मिश्रण परातीत पसरून त्यांनी ते पूर्ण गार होऊ दिले. मग त्यात दोन मुठी पीठ घालून ते हलक्या हाताने एकत्र केले. ओल्या तळहातावर भाकरी थापावी तशी टिक्की थापली, वरून कोरडे पीठ लावले, आणि खालची बाजू धरेपर्यंत उलथने लावू नये, असे सूनबाईंना बजावले. आई दारापाशी खुर्चीवर बसून पाहत होती. दुसऱ्या घरचे पीठ आमच्या परातीत पडले तेव्हा मी तिच्याकडे पाहिले. ती वहिनींना म्हणाली, "आणखी थोडं घाल गं, अजून ओलं दिसतंय."

टिक्क्या उत्तम झाल्या. दोन्ही मुले एकाच ताटात जेवली. आईने पाव घेतला नाही; टिक्की मात्र वरणभाताबरोबर घेतली आणि शेवटपर्यंत तिला वडाच म्हटले. रूपाविषयीचा तिचा आक्षेप तिने मागे घेतलेला नाही, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे असे मीही आता म्हणणार नाही. सोंगाविषयी सावध राहावे, हे खरेच. फक्त ते कोठे शोधावे, याबद्दल माझे मत बदलले आहे.

सर्व आवरल्यावर वहिनींची ताटली परत द्यावयास मी स्वतः गेलो. ताटलीत दोन टिक्क्या होत्या. दारातच मी त्यांना त्या करंज्यांची आणि साखरेची हकीकत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. "असू दे" असेही म्हणाल्या नाहीत. बाईंनी त्याच संध्याकाळी सांगितले होते, एवढेच त्या बोलल्या आणि ताटली घेऊन आत गेल्या.

नारळी पौर्णिमेस डबा आला नाही. तो यावा अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता. नातू मात्र समोर जेवून आला आणि येताना कागदात गुंडाळून दोन करंज्या घेऊन आला. एक त्याने पणजीला दिली, एक मला. आईने तिचे दोन तुकडे करून एक तोंडात टाकला व दुसरा चहासाठी झाकून ठेविला. माझी मी तेथेच उभ्याने खाल्ली. करंज्या खरोखरच छान झाल्या होत्या.